भिंतीवरील ओल, काळी बुरशी आणि घरातील खोकला : एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

अमळनेरहून एका भगिनीने विचारले आहे की, त्यांच्या तळमजल्यावरील घरात झोपण्याच्या खोलीच्या बाहेरील भिंतीवर श्रावणापासून काळे ठिपके उमटू लागले आणि लोखंडी कपाट पुढे ओढले तेव्हा त्यामागचा मोठा भाग काळवंडलेला दिसला. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीला तेव्हापासून रात्री कोरडा खोकला येतो. सासूबाईंना जुना दमा आहे. दोन वर्षांपूर्वी छातीच्या एक्स-रेवर डाग दिसल्यामुळे त्यांना क्षयरोगाची औषधे पूर्ण सहा महिने देण्यात आली, परंतु धाप कमी झाली नाही. 'ही करोनाच्या वेळची काळी बुरशी आहे' असे शेजारी सांगतात. म्हणून घर सोडावे का, घरातील हवेची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी का आणि बुरशीवरच्या गोळ्या घरातील सर्वांनी घ्याव्यात का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

छातीच्या विकारांचा डॉक्टर म्हणून मी खान्देशात दीर्घकाळ रुग्ण तपासत आलो आहे आणि हे तिन्ही प्रश्न दर पावसाळ्यात माझ्यासमोर येतात. तिन्हींचे उत्तर 'नाही' असेच आहे. मात्र त्यावरून निश्चिंत व्हावे असे मी म्हणणार नाही, कारण आपल्या पत्रातील दोन गोष्टी मला भिंतीपेक्षा अधिक महत्त्वाच्या वाटतात : मुलीचा रात्रीचा खोकला आणि क्षयरोगाच्या औषधांनी न हटलेली सासूबाईंची धाप. त्यांच्याकडे मी पुढे येतो. आधी भीतीचा विषय संपवू या.

2021 मध्ये ज्या आजाराने आपल्याकडे धास्ती पसरवली, तो म्युकरमायकोसिस. तो प्रामुख्याने अनियंत्रित मधुमेह असलेल्या आणि स्टेरॉइडची मोठी मात्रा घेतलेल्या रुग्णांना झाला, आणि त्यात नाक, डोळा व जबड्याच्या ऊती सडून काळ्या पडत. आपल्या भिंतीवरचे काळे ठिपके हे बहुधा क्लॅडोस्पोरियम, अॅस्परजिलस, अल्टरनेरिया अशा नेहमीच्या बुरशींचे असतात. त्यांचे बीजाणू शेतात, अंगणात, रस्त्यावर, सगळीकडच्या हवेत असतात; पाणी मिळाले की ते भिंतीवर मूळ धरतात, एवढेच. बुरशी काळी आहे, हिरवी आहे की पांढरी आहे, यावरून तिचा धोका ठरत नाही.

इंटरनेटवर 'विषारी काळी बुरशी' म्हणून जिची चर्चा होते, ती स्टॅकिबोट्रिस. 1993-94 मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात काही तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला, तेव्हा संशय या बुरशीवर गेला होता. परंतु अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने त्या तपासाची फेरछाननी केली आणि हा संबंध सिद्ध झालेला नाही, असे 2000 मध्ये जाहीर केले. बुरशीच्या विषाने माणसे दगावल्याची नि:संशय उदाहरणे आहेत, पण ती पोटात गेलेल्या विषाची आहेत. 1974 मध्ये आपल्या शेजारच्या गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा भागात बुरशी लागलेला मका खाऊन अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषामुळे यकृताच्या आजाराची साथ उद्भवली आणि त्यात शंभराहून अधिक लोक मरण पावले. म्हणून बुरशी आलेले शेंगदाणे, मका किंवा ज्वारी धुऊन, निवडून, भाजून वापरण्याचा मोह कोणीही करू नये. ते विष भाजल्याने पूर्णपणे जात नाही. भिंतीवरच्या बुरशीचा त्रास वेगळ्या मार्गाने होतो : श्वासावाटे, आणि मुख्यतः अॅलर्जी व श्वासनलिकेच्या दाहाच्या रूपाने.

तो त्रास मात्र खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांविषयी स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांमध्ये दमा होणे, असलेला दमा बळावणे, खोकला, छातीत घरघर आणि श्वसनमार्गाचे संसर्ग यांचे प्रमाण अधिक असते, असा तिचा निष्कर्ष आहे. त्याच मार्गदर्शिकेने असेही स्पष्ट केले की, हवेत अमुक इतके बीजाणू असले तर धोका आणि त्याखाली असले तर सुरक्षित, अशी कोणतीही मर्यादा आरोग्याच्या आधारावर ठरवता आलेली नाही. हवेच्या तपासणीवर पैसे खर्च करू नका, असे मी म्हणतो ते यासाठी. अहवालात आकडा येईल, पण त्या आकड्याचे करायचे काय, हे सांगणारे मापच अस्तित्वात नाही. आणि कोणतीही बुरशी निघाली तरी उपाय एकच आहे, तो म्हणजे ओल बंद करणे आणि बुरशी काढणे. तेच पैसे गवंड्याला आणि प्लंबरला द्यावेत.

दुर्लक्ष किती महागात पडू शकते, याचे उदाहरण इंग्लंडमधील रॉचडेल येथील आहे. बुरशीने भरलेल्या भाड्याच्या घरात राहणारे दोन वर्षांचे एक मूल डिसेंबर 2020 मध्ये दगावले, आणि घरातील बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे झालेला श्वसनाचा गंभीर विकार हेच मृत्यूचे कारण असल्याचा निष्कर्ष तेथील मृत्यूच्या अधिकृत चौकशीत 2022 मध्ये निघाला. त्या कुटुंबाने वारंवार तक्रार केली होती. आपल्याकडील घरांची परिस्थिती सहसा इतक्या थराला जात नाही, कारण आपले ऊन भिंती वाळवते. पण लहान मूल ज्या खोलीत झोपते तेथील ओलीला 'पावसाळ्यात असे होतेच' म्हणून सोडून देऊ नये.

आता पाणी कोठून येते ते शोधू या, कारण सगळा प्रश्न त्याचाच आहे. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली तर बुरशी सहसा धरत नाही; वाळली नाही तर ती येणारच, मग कितीही फवारण्या करा. या शोधात खान्देशच्या हवामानाची फार मदत होते, आणि लोक तिचा उपयोग करून घेत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा 44 अंशांच्या वर जातो आणि दुपारची हवा इतकी कोरडी होते की दोरीवरचे कपडे पाहता पाहता वाळतात. अशा दिवसांतही जी भिंत हाताला गार आणि दमट लागते, तिच्यात पाऊस नव्हे तर नळ, ड्रेनेज, पलीकडचे न्हाणीघर किंवा जमिनीतून चढणारी ओल बोलत असते. जी भिंत उन्हाळ्यात खडखडीत कोरडी असते आणि पाऊस सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत डागाळते, तिचा दोष बाहेरच्या गिलाव्यात, खिडकीच्या कडेला किंवा गच्चीवर असतो. आपले वर्णन दुसऱ्या प्रकारचे आहे.

काळ्या जमिनीवरील घरांत ही गोष्ट विशेष दिसते. तापी-पूर्णेच्या, बोरीच्या, पांझरेच्या काठची ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. त्याबरोबर पाया हलतो, भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी तडा जाते आणि पुढच्या पावसाळ्यात त्या तड्यातून पाणी आत उतरते. बाहेरून भिंत न्याहाळताना केसासारखी बारीक रेघही सोडू नका. जुन्या धाब्याच्या घरांत पावसाळ्यापूर्वी छतावर खारी माती पसरून ती चोपण्याची रीत होती, ती केवळ परंपरा नव्हती. ज्या घरांत आता ती होत नाही, तेथे सागाच्या तुळया ओलावून बुरशी लाकडात शिरते.

पाणी भिंतीतून येते की खोलीच्या हवेतून, हे ओळखण्यासाठी वीतभर लांबीरुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने डाग नसलेल्या पण ओलसर भागावर घट्ट चिकटवा आणि दोन दिवसांनी पाहा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडील बाजूस असतील तर पाणी भिंतीतून येत आहे. बाहेरच्या बाजूस असतील तर खोलीची हवाच दमट आहे. ज्या गावांत चार-चार दिवसांनी नळाला पाणी येते, तेथे पाण्याच्या मीटरवरून गळती शोधता येत नाही. त्याऐवजी रात्री सर्व नळ बंद करून टाकीतील पाण्याच्या पातळीवर खडूने खूण करावी आणि सकाळी पाणी त्या खुणेखाली गेले आहे का ते पाहावे. गेले असेल तर भिंतीतला पाइप फुटलेला असण्याची शक्यता मोठी आहे.

आणखी एक गोष्ट तपासा. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटून पांढरी पूड निघत असेल तर तो लोणा आहे, बुरशी नव्हे. लोणा म्हणजे भिंतीतील क्षार. तो पाण्याच्या थेंबात विरघळतो, बुरशी विरघळत नाही. लोण्याने खोकला होत नाही, पण ओल चढते आहे याची ती खूण आहे. हल्ली अशा भिंतीवर पीव्हीसीचे पॅनेल ठोकून ती झाकण्याची पद्धत वाढली आहे, आणि तिला माझा ठाम विरोध आहे, कारण पॅनेलमागे अंधार, ओल आणि बंद हवा हे तिन्ही एकत्र मिळते आणि दोन वर्षांनी पॅनेल काढल्यावर तेथे जे दिसते, त्याचाच वास घरातील माणसे तोवर घेत असतात. ऑइलपेंट आणि वॉलपेपरचेही तसेच. पूर्वीची चुन्याची सफेदी दोन कारणांनी बरी होती : चुना अल्कधर्मी असल्यामुळे त्यावर बुरशी लवकर धरत नाही आणि त्यातून भिंतीतील ओल बाहेर पडू शकते.

आपल्या भिंतीवरील बुरशी तीन फूट लांब, तीन फूट रुंद एवढ्या जागेपेक्षा मोठी नसेल तर ती घरीच काढता येते. मुलीला आणि सासूबाईंना त्या दिवशी दुसऱ्या घरी पाठवावे; हे काम दम्याच्या रुग्णाने करू नये. काम करणाऱ्याने एन-95 मास्क, रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा लावावा, खोलीचे आतले दार बंद करून खिडकी उघडी ठेवावी. कोरडी बुरशी झाडूने किंवा पोलिश पेपरने घासू नका, कारण त्यामुळे सगळे बीजाणू एकदम हवेत उडतात. भिंतीवर आधी पाणी शिंपडून ती ओली करा, साबणाच्या पाण्याने पुसा, फडके फेकून द्या आणि मग पंखा लावून भिंत पूर्ण वाळवा. ब्लीच वापरलेच पाहिजे असे नाही. वापरणार असाल तर ते संडास साफ करण्याच्या आम्लात कदापि मिसळू नका; त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि दम्याच्या माणसाचा त्याने जीव जाऊ शकतो. गिलावा भुसभुशीत झाला असेल तर तेवढा भाग फोडून नव्याने करावा. भिंतीला टेकून राहिलेली कापसाची गादी, पुठ्ठ्याची खोकी, प्लायवूडचा फुगलेला तुकडा यांच्या आत बुरशी शिरलेली असते. त्या वस्तू धुऊन वाचत नाहीत, टाकून द्याव्यात. कपाट पुन्हा ठेवताना भिंतीपासून चार बोटे अंतर सोडा.

भिंत वाळल्याशिवाय रंग देऊ नका. दिवाळी जवळ आली की घाईने पुट्टी आणि रंग मारला जातो, आणि संक्रांतीपर्यंत डाग वर येतात.

घरातील दमटपणाची एक बाजू आपण स्वतः निर्माण करतो. पावसाळ्यात झोपण्याच्या खोलीत दोरीवर वाळत घातलेले कपडे, स्वयंपाकघरातील वाफ, बंद खिडक्या, आणि घरातच रचून ठेवलेला कापूस. भाव वाढेल म्हणून वेचलेला कापूस ज्या घरांत महिनोन् महिने खोलीभर भरून ठेवलेला असतो, तेथे धूळ, किडे आणि ओलावा लागल्यास बुरशी, असे सगळेच श्वासात जाते. लहान मूल त्या खोलीत झोपता कामा नये. आर्द्रता मोजण्याचे छोटे यंत्र आता फार महाग राहिलेले नाही. खोलीतील आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली राहील एवढे पाहावे.

आपण कूलरविषयी काहीच लिहिलेले नाही, पण मी विचारल्याशिवाय राहू शकत नाही, कारण खान्देशातील घरांत बुरशीची सर्वांत दुर्लक्षित जागा भिंत नसून कूलर आहे. जून महिन्यात कूलरची जाळी उघडून पाहा. खालच्या कडेचे गवत तपकिरी, चिकट आणि कुबट झालेले असते, टाकीच्या तळाशी शेवाळी साय असते, आणि तीन महिने रात्रभर त्याच गवतातून आलेली हवा आपण थेट छातीवर घेतलेली असते. भारतातील 27 केंद्रांनी मिळून फुप्फुसांच्या जाळीच्या विकारांची जी नोंदणी केली आणि 2017 मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात 1,084 रुग्णांपैकी 47 टक्क्यांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे श्वासातून जाणाऱ्या बुरशी-धुळीसारख्या कणांच्या अॅलर्जीने फुप्फुसांचा दाह होण्याचा आजार होता आणि त्यांतील जवळपास निम्मे रुग्ण कूलरच्या संपर्कात होते. संपर्क असणे म्हणजे तेच कारण असणे नव्हे, हे खरे. तरीही कोरडा खोकला, जिना चढताना लागणारी धाप आणि घटलेले वजन घेऊन येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला मी कूलरविषयी, आणि शेतकऱ्याला भिजलेल्या कडब्याविषयी, विचारतोच. या आजारात फुप्फुसे हळूहळू निबर होतात आणि एकदा निबर झालेला भाग परत मऊ होत नाही. कूलर फेकून द्या असे मी निरोगी माणसाला सांगत नाही. आपल्या उन्हाळ्यात ते शक्यही नाही. दर हंगामात गवत नवे घाला, आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा (डेंग्यूच्या डासांसाठीही ते आवश्यक आहे), बंद करण्यापूर्वी पंप थांबवून थोडा वेळ नुसता पंखा चालवा म्हणजे गवत वाळेल, कूलर खिडकीबाहेर ठेवून समोरची खिडकी उघडी राहू द्या, आणि हंगाम संपताच गवत काढून टाका. ज्यांना हा आजार झाला आहे, त्यांनी मात्र कूलर कायमचा बंद केला पाहिजे.

आता मुलीचा खोकला. तो बुरशीमुळेच आहे, असे पत्रावरून ठरवता येत नाही. धुळीतील किडे (तेही ओलीतच वाढतात), डासांची कॉइल, उदबत्ती, गाजर गवताचे पराग, घरातील कोणाची विडी-सिगारेट, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. दोन आठवडे वहीत रोज सकाळ-रात्र खोकला, घरघर आणि झोपमोड यांची नोंद करा. नंतर ती काही दिवस मामाकडे राहिली तर तेथेही तीच नोंद करा. घरी त्रास आणि बाहेर आराम हे चित्र स्पष्ट दिसले तर घराचा संबंध बळकट होतो. पण डॉक्टरांकडे जाण्यासाठी ही नोंद पूर्ण होण्याची वाट पाहू नका. खोकला दोन आठवड्यांहून अधिक काळ आहे, त्यामुळे क्षयरोग नाही याची खात्री आधी करून घ्यावी लागेल. ती तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते. बालदमा निघाला तर इनहेलर सुरू होईल, आणि 'पंपाची सवय लागते' या भीतीने तो टाळू नये. सवय लागत नाही; उलट दुकानातून आणलेल्या खोकल्याच्या बाटल्या आणि स्टेरॉइडच्या गोळ्या वारंवार दिल्याने मुलाची वाढ खुंटू शकते. बोलताना वाक्य पूर्ण न होणे, श्वास घेताना बरगड्यांमधील जागा आत ओढली जाणे, ओठ निळसर पडणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच क्षणी रुग्णालयात न्यावे.

सासूबाईंची मला अधिक काळजी वाटते. दमा, एक्स-रेवर येणारे-जाणारे डाग आणि क्षयरोगाच्या औषधांना दाद न देणारी धाप, हे तिन्ही एकत्र दिसले की अॅस्परजिलस बुरशीच्या अॅलर्जीने होणाऱ्या एबीपीए या आजाराचा विचार करावाच लागतो. आपल्या देशात क्षयरोग इतका आढळतो की एक्स-रेवरील डाग पाहून थुंकीत जंतू न सापडताही ती औषधे सुरू केली जातात, आणि एबीपीएचे रुग्ण वर्षानुवर्षे चुकीच्या फाइलमध्ये अडकून पडतात. खोकल्यातून तपकिरी, घट्ट, गुठळीसारखा बेडका पडतो का, हे त्यांना विचारा. रक्तातील अॅस्परजिलसविरुद्धचे विशिष्ट आयजीई (आयजीई म्हणजे अॅलर्जीत वाढणारी प्रतिपिंडे) आणि एकूण आयजीई या दोन तपासण्यांपासून सुरुवात होते. विशिष्ट आयजीई वाढलेले आणि एकूण आयजीई 500 च्या वर असेल तर पुढे सीटी स्कॅन करून निदान पक्के केले जाते. या तपासण्या मी हवेच्या तपासणीप्रमाणे निरर्थक मानत नाही, कारण त्यांच्यावरून उपचार बदलतो. निदान वेळेवर झाले तर ठरावीक काळाची स्टेरॉइड किंवा इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचे औषध यांनी आजार आटोक्यात येतो. न झाल्यास श्वासनलिका कायमच्या रुंदावतात. उलट लघवीतील 'बुरशीच्या विषाची' तपासणी किंवा घरातील सर्वांच्या रक्तात बुरशीविरुद्धची प्रतिपिंडे शोधणे यांतून हाती काहीच लागत नाही. बुरशी आपण सर्वच जण श्वासात घेतो, त्यामुळे तिची ओळख प्रत्येकाच्या रक्तात असते.

बुरशीवरच्या गोळ्या सर्वांनी घेण्याचा प्रश्न येथेच मिटतो. त्या यकृताला इजा करू शकतात, हृदयविकाराच्या रुग्णात धोकादायक ठरू शकतात, इतर अनेक औषधांशी त्यांचे जमत नाही, आणि भिंतीवरच्या बुरशीवर त्यांचा काहीही परिणाम होत नाही. निदान झालेल्या रुग्णाने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, तेवढ्याच त्या घ्याव्यात.

घर सोडण्याचा विचार मी एरवी फक्त तेव्हा करायला सांगतो, जेव्हा घरात केमोथेरपी चालू असलेला, अवयव प्रत्यारोपण झालेला किंवा प्रतिकारशक्ती फार कमी झालेला रुग्ण असतो आणि ओल लगेच थांबवणे शक्य नसते. पूर्वीच्या क्षयरोगाने ज्यांच्या फुप्फुसात पोकळी राहिली आहे, त्यांनाही जपावे लागते, कारण त्या पोकळीत ही बुरशी घर करते आणि थुंकीतून रक्त पडू लागते. आपल्या घरात तूर्त एवढे पुरेसे आहे की, दुरुस्ती होईपर्यंत मुलगी आणि सासूबाई दोघींची झोपण्याची जागा त्या खोलीतून हलवावी.

डॉक्टरांकडे जाताना सासूबाईंचे जुने सर्व एक्स-रे, तारखेनुसार लावून, सोबत न्या. अहवालाचे कागद पुरणार नाहीत, फिल्मच हवी. एका फिल्मवर दिसलेला डाग पुढच्या फिल्मवर नाहीसा होऊन भलत्याच जागी उमटला आहे का, ही गोष्ट त्या शेजारी-शेजारी लावून पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि थुंकीच्या तपासणीत त्यांना क्षयरोगाचे जंतू खरोखर कधी सापडले होते का, हे जुन्या फाइलमध्ये शोधून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.